हॅनाकडे बसायला

हिवाळ्याच्या तोंडावर इथे कॅनडात सगळी घड्याळं एक तास मागे करायचा रविवार आला की आमच्या घरात सगळं आपापलं बदलतं. फोन स्वतःहून बदलतात, गाडीतलं नवरा बदलतो, ओव्हनचं कुणीच बदलत नाही. स्वयंपाकघरात मात्र आईने इस्लामपूरहून कपड्यांत गुंडाळून आणलेलं एक गोल घड्याळ आहे, त्याला मी त्या दिवशी कुणाला हात लावू देत नाही. "मॉम, द क्लॉक इज राँग," रेवा दरवर्षी सांगते. "असू दे राँग," मी दरवर्षी सांगते. तो मधला एक तास नक्की कुणाचा असतो, हे मला एका नोव्हेंबरात थोडंसं कळलं होतं. कळलं ते बरं झालं की वाईट, हे अजून ठरत नाही.

वॉन शहराची गोदामं संपवून उत्तरेला निघालं की एकसारख्या घरांच्या वसाहती लागतात. त्यातल्या शेवटच्या वसाहतीतलं शेवटच्या रांगेतलं घर आमचं. मागे कुंपण, कुंपणामागे कापलेल्या मक्याचे खुंट, आणि त्या शेताच्या पलीकडच्या कडेला एक लाकडी, करड्या रंगाची बैठी इमारत. आम्ही घर घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, धान्याचं कोठार असेल. ना क्रॉस, ना घंटा, ना कसली पाटी. शेजारी शेजारी दोन दारं तेवढी. ते क्वेकर नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर होतं. एक दार पुरुषांचं, एक बायकांचं. आता कुणीही कुठूनही जातं, पण बाया अजून पायांच्या सवयीने डावीकडूनच शिरतात.

नोव्हेंबर इथला सगळ्यात ओंगळ महिना, हे माझं ठाम मत आहे. पानं गळून गेलेली, बर्फ अजून आलेला नाही, आणि पाच वाजता काळोख. हॅलोविनचे प्लास्टिकचे सापळे लोकांच्या लॉनवर तसेच लटकत असतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "अगं, ह्यांना कुणी सांगा, घरात लहान पोरं आहेत!" तेव्हा ती बोलत होती. खूप बोलत होती. आमच्या घराण्यातच तोंडाला विश्रांती नाही. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि इंजेक्शन टोचेपर्यंत पेशंटच्या सासरचं सगळं काढून घ्यायची.

ती रेवाला सांभाळायला म्हणून एका हिवाळ्यापुरती आली होती. बाबा आले नाहीत. "त्या बर्फात मी काय करू? पेपरसुद्धा वाचता यायचा नाही बाकावर बसून," म्हणाले. आणि फेब्रुवारीत, आई इथे रेवाची वेणी घालत असताना, बाबा तिकडे स्वयंपाकघरात चहा करता करता गेले. आम्ही विमानं बदलत पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दिवस झाले. लोक अजून भेटायला येत होते, सतरंजी अजून घातलेलीच होती, आणि माझी रजा संपली. तिला एकटी कुठे ठेवायची? सतरंजीवरून उठवून आम्ही तिला इकडे घेऊन आलो.

विमानात तिने एकच वाक्य म्हटलं, "मी तिथं असायला हवं होतं." ते तिचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर हो, नको, हं. मग नुसतं हं. उन्हाळा आला तोवर तेही गेलं. हॅमिल्टनच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, डोक्याचा फोटो काढला, कान तपासले. सगळं ठीक. "शी इज ग्रीव्हिंग," ते म्हणाले आणि एक फोन नंबर दिला. ज्या बाईला बोलता येत नाही तिने फोनवर काय करायचं, देव जाणे. रेवा तिच्या मांडीवर चढून विचारायची, "आज्जी, आर यू मॅड ॲट मी?" आई तिच्या केसांवरून हात फिरवायची. मला भीती वाटायची ती एवढीच, की हा आवाज मी आता पुन्हा ऐकणार नाही. बाबांचा गेलाच होता. हिचा समोर बसून जात होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी तिला घेऊन शेताच्या कडेने चालायला गेले होते. प्रार्थनाघराचं डावं दार उघडं होतं. दारात मार्गारेट उभी होती. ऐंशीच्या पुढची, काठीसारखी ताठ, पायात पुरुषी बूट. ती तिथली देखरेख बघायची, हे मागून कळलं. "कम इन, इट्स वॉर्म," एवढंच म्हणाली. आई आत शिरलीसुद्धा. मी मागोमाग.

आत काय? काही नाही. खरंच काही नाही. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, मधोमध एक लाकडी पडदा, जो पूर्वी दोरीने खाली सोडत. म्हणजे बायकांच्या कारभारात पुरुषांनी लुडबुड करायची नाही. एक शेगडी. चारदोन म्हातारी माणसं, डोळे मिटून. पुजारी नाही, पुस्तक नाही, गाणं नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उठून बोलायचं. नाही वाटलं तर नाही. त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही. मला शांततेची सवय नाही हो! माझं पोट गुरगुरलं तर मीच दचकले. आई मात्र थेट खिडकीशेजारच्या बाकाकडे गेली, खिडकीजवळची जागा सोडून तिच्या अलीकडे बसली, आणि पदर अंगाभोवती ओढून घेतला.

शेवटी दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. ती त्यांची सभा संपल्याची खूण. मग जो तो शेजाऱ्याशी हात मिळवतो. मार्गारेटने आईपुढे हात केला. आईने आपले हात पदराखाली घेतले. मी घाईघाईने "थँक यू, बाय, सी यू" सुरू केलं, तर आईने माझी बाही एवढ्या जोरात ओढली की शिवण उसवली. घरी आल्यावर ती मागच्या अंगणात गेली, बाहेरच्या नळाखाली, त्या गारठ्यात, पावलं घोट्यापर्यंत धुतली आणि मग आत आली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसं गप्प बसलेली, गोडधोड नाही, चहा नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. आईला वाटलं होतं, आपण दुखवट्याला आलोय! तिथून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून माझी बाही. हसू आलं आणि लगेच गेलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती कुठेतरी आपण होऊन गेली होती, आणि काय करायचं असतं ते तिला बरोबर माहीत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात फोडणीचा वास. आईने पिठलं-भात केला होता. आमच्याकडे चूल बंद असलेल्या घरी शेजारणी नेतात तो. डबा कापडात बांधला आणि दारात चपला घालून उभी राहिली. मी काय सांगणार तिला? गेलो. तिने डबा बाकाखाली ठेवला आणि मागच्यासारखीच बसली, कडेची जागा सोडून. निघताना डबा तिथेच राहिला.

त्या दिवशी मी मार्गारेटला आईचा गैरसमज सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं. ती त्या खिडकीकडे बघत राहिली. मग तिने मला हॅनाची गोष्ट सांगितली. तिला ती तिच्या आत्याने सांगितली होती, आणि आत्याला आणखी कुणी.

हॅना ही इथली, एकोणिसाव्या शतकातली. शेतकऱ्याची बायको. लग्न याच खोलीत झालं. भटजी-पाद्री कुणी नाही, दोघांनी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं आपणच वचन दिलं. करडा झगा, करडी टोपी, दागिना नाही. रविवारला ते लोक 'पहिला दिवस' म्हणत, नोव्हेंबरला 'अकरावा महिना', कारण वारांची-महिन्यांची रूढ नावं बरीचशी जुन्या देवांची. घरात माग होता, गाई होत्या, ओळीने मुलं होती. आणि या बाईला बोलण्याची देणगी होती. शांत सभेत ती उठली की माणसं श्वास धरून ऐकत. आपल्याकडे त्या काळात बायकांना ओसरीवर यायची चोरी, आणि ही बाई उभी राहून धर्मावर बोलायची आणि पुरुष मान खाली घालून ऐकायचे. दूरदूरच्या वस्त्यांवरून तिला बोलावणी यायची. मुलांना नवऱ्यावर सोपवून ती घोड्यावरून जायची, कधी आठवडेच्या आठवडे.

अशीच एका पानगळीत गेली. मागे गावात घशाची साथ आली. ती परत आली तोवर तिची सगळी मुलं पलीकडच्या कुरणात पुरलेली होती. दगडावर नावं नाहीत, कारण नाव कोरणं हाही त्यांच्या लेखी बडेजावच. काळे कपडे घालायचे नाहीत, आक्रोश करायचा नाही, देवाची इच्छा. पुढच्या 'पहिल्या दिवशी' हॅना आली, खिडकीशेजारी बसली, आणि पुन्हा कधीच बोलली नाही. म्हातारी होऊन मरेपर्यंत. लोक वाट बघायचे, आज उठेल, आज उठेल. सभा संपताना सगळे हात मिळवायचे, ती मात्र हात देत नसे. "तिच्याकडे भेटायला कुणी गेलं नाही का?" मी विचारलं. मार्गारेट म्हणाली, "जाणार कुठे? सगळे आधीच तिच्याबरोबर इथे बसलेले होते. गप्प."

त्या जागेवर कुणीच का बसत नाही, हेही मी विचारलं. राखून ठेवली आहे का? "नोबडी सेव्ह्ज इट," ती म्हणाली. "वुई जस्ट डोन्ट." ते ती अगदी साधेपणाने म्हणाली.

मी आईला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. इंग्रजी तिला 'टेक डीप ब्रेथ' पलीकडे येत नव्हतं. पण मधल्या आठवड्यात मी डबा आणायला गेले तर तो बाकाखाली तसाच होता, रिकामा, घासलेला, झाकण घट्ट लावलेलं. मार्गारेट म्हणाली, मी नाही. नवरा म्हणाला, रॅकून असेल, इथली ती जनावरं कचऱ्याचे डबेसुद्धा उपसतात. "रॅकून झाकण लावतो का रे?" मी विचारलं. त्यावर तो किचनर शहरातल्या ऑफिसची मीटिंग आहे म्हणून बेसमेंटमध्ये निघून गेला.

मग तो घड्याळांचा रविवार आला. सकाळी खाली आले तर आईची खोली उघडी, चपला नाहीत. भिंतीवरचं घड्याळ जुन्या वेळेवर चाललेलं. ते बदलायचं सगळेच विसरलो होतो, आणि आई तर त्या एकाच घड्याळाकडे बघायची. म्हणजे ती तासभर आधीच गेली होती, बंद इमारतीकडे, त्या थंडीत. नाईटड्रेसवर जॅकेट घालून धावले.

शेतावर पांढरं दहिवर गोठलं होतं आणि त्यात तिच्या चपलांचे ठसे स्पष्ट उमटले होते. कुंपणापासून ते वाटेच्या मधून गेले होते. पण अर्ध्या शेतानंतर ते वाटेच्या एका कडेला सरकले आणि शेवटपर्यंत कडेकडेनेच गेले, शेजारी चालणाऱ्याला वाट द्यावी तसे. शेजारी मात्र काहीच नव्हतं. दहिवर अगदी कोरं होतं. मी त्या कोऱ्या भागावर पाय दिला नाही. का, ते मला विचारू नका.

मार्गारेट तेवढ्यात गाडीतून उतरत होती, हातात किल्ली. ती दर रविवारी लवकर यायची, शेगडी पेटवायला. दोन्ही दारांना कुलूप. आणि आतून आवाज आला. मराठी आवाज.

मी खिडकीपाशी गेले. जुनी काच, त्यातून सगळं पाण्याखालचं असल्यासारखं हलतं. आई बाकावर बसली होती, खिडकीकडच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, गुडघा वळवून, बायका बायकांजवळ बसतात तशी. तिचा एक हात हवेत होता, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा एवढ्या उंचीवर. आणि ती बोलत होती. माझी आई बोलत होती!

"पोरं जेवली," ती म्हणत होती. "जेवली, झोपली. तू आधी पाय धू बाई. कुणी रागावलेलं नाही तुझ्यावर."

हे वाक्य मला पाठ होतं. आई रात्रपाळी करून पहाटे परत यायची तेव्हा शेजारच्या मालनकाकू दारातच हे म्हणायच्या. 'पोरं जेवली, झोपली. तू आधी पाय धू.' पांघरुणात अर्धवट जागी असलेली मी ते ऐकून पुन्हा झोपायचे. मालनकाकू जाऊन किती वर्षं झाली. ते वाक्य आईने जपून ठेवलं होतं, आणि इथे, समुद्र ओलांडून, भलत्याच बाईला दिलं होतं.

मग ती थांबली. मान कलती करून ऐकत राहिली. खूप वेळ. समोर कुणी नव्हतं, मी शपथेवर सांगते, भिंत होती आणि सकाळचं पिवळं ऊन होतं. ऐकता ऐकता आईचा चेहरा चुरगळला आणि ती रडू लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, हंबरून. मग डोळे पुसले आणि उजवा हात पुढे केला. त्या हाताची मूठ मिटली नाही. बोटं मधे काहीतरी असावं तशी वाकून राहिली आणि हळूच सुटली.

मार्गारेटने कुलूप काढलं. मागचं दार कधीकधी नीट लागत नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग जाऊन तिने ते ओढून पाहिलं. लागलेलं होतं. तिने शेगडी पेटवली. आई माझ्या नाईटड्रेसकडे बघून म्हणाली, "हा काय अवतार? आणि किती उशीर!"

मी तिथेच खाली बसून रडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

परत येताना शेतात विचारलं, "कोण होतं गं?"

"कोण असणार? जिच्याकडे गेले होते ती."

"काय म्हणाली?"

"दुखवट्याच्या घरचं बाहेर बोलत नसतात." चार पावलं गेल्यावर ती म्हणाली, "आज गोडाचा शिरा कर. पुरे झालं आता तिचं. आणि माझंही." नळावर पाय धुतले, आत आली, आणि त्या दिवसापासून तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो थांबला नाही. माझ्या पोळ्या, नवऱ्याचे केस, रेवाचं मराठी, कॅनडातलं बेचव वांगं. मी कुरकुरायचे आणि मनात म्हणायचे, बोल बाई, बोल. पुढच्या रविवारी मी म्हटलं, जाऊया का? तर म्हणे, "आता कशाला? दिवस झाले तिचे."

या मार्चमध्ये आई गेली. हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात. रात्रभर मी तिच्याजवळ होते, सकाळी बर्फ थांबला म्हणून पार्किंगमध्ये गेले गाडी मोकळी करायला. खरवडून काच साफ केली, हात बधिर झाले, वर आले तर नर्स दारातच उभी. मी तिथं असायला हवं होतं. हे वाक्य मी कुणाला म्हटलं नाही. फोनवर शंभर ठिकाणांहून हात जोडलेली चित्रं आली. दोन मैत्रिणी शनिवारी येऊन गेल्या, पार्किंग कुठे करायचं विचारत. सतरंजी घालायला आमच्याकडे सतरंजीच नव्हती. तेव्हापासून मी, जिचं तोंड कधी मिटलं नाही ती, कामापुरतं बोलते. "मॉम, व्हाय आर यू सो क्वाएट?" रेवा विचारते. मी तिच्या केसांवरून हात फिरवते.

मार्गारेट आता वृद्धाश्रमात आहे. किल्ली तिने माझ्याकडे दिली आहे. आज घड्याळांचा रविवार. भिंतीवरचं घड्याळ जसं म्हणालं तशी मी निघाले, कुणाला न सांगता. दहिवर पडलं होतं. मी वाटेच्या मधून चालले. दाराला किल्ली लावायला गेले तर ते नुसतं लोटलेलं होतं.

आत गारठा. शेगडी पेटवली नाही. मी आईच्या जागेपाशी थांबले, आणि मग तिच्याही पलीकडे, खिडकीशेजारी, जिथे कुणी बसत नाही तिथे जाऊन बसले. बसायची वेळ आता माझी होती. मी डोळे मिटले. रडू आलं नाही, शब्दही आले नाहीत, नुसती बसून राहिले. बाहेर कुठेतरी रानबदकं ओरडत गेली.

मग माझ्या शेजारची फळी हळूच दबली. कुणी वयस्कर बाई बेताने टेकते तशी. थोड्या वेळाने तिच्याही अलीकडची दबली. पिठल्याच्या फोडणीचा वास आला, आणि त्याच्यासोबत दुसरा, ओल्या लोकरीचा आणि घोड्याचा. मी डोळे उघडले नाहीत. माणसं भेटायला येतात तेव्हा जे करतात तेच केलं. खिडकीला खेटून सरकले आणि दोघींना नीट बसता येईल एवढी जागा करून दिली.